लांकडांतली अळी ओळखावी कशी?

वैशाख संपत आला कीं आमच्या टेंभुर्णीस घरोघर दोन कामें निघतात. पावसापूर्वीं जळण आंत घेणें हें एक, आणि उकिरड्यावरचें कुजलेलें खत शेतांत नेऊन टाकणें हें दुसरें. दोन्ही कामांत जुना ओंडका उलटावा लागतो, ढिगाचा तळ उकरावा लागतो, आणि मग पांढऱ्या, गुबगुबीत, चंद्रकोरीसारख्या वळलेल्या अळ्या उघड्यावर येतात. बायामाणसें पदर सांवरून मागें सरतात, मुलें काड्या घेऊन पुढें येतात, आणि घरचा कर्ता पुरुष एकच शब्द उच्चारून खटला निकालांत काढतो: "हुमणी!" शिक्षाही तत्काळ अमलांत येते.

या महिन्यांत आम्हांस या विषयावर जें पत्र आलें, तें आमच्याच गांवांतील एका भगिनीचें आहे. त्यांच्या परसांत कडुनिंबाचा एक ओंडका तीन पावसाळे पडून आहे. त्याला लागूनच खताचा ढीग. ओंडका हलवितांना त्याखालून व ढिगांतून मिळून पंचवीस-तीस अळ्या निघाल्या. हें खत आडसाली उसाच्या लागणीसाठीं न्यावयाचें आहे. मामंजींचें म्हणणें असें कीं, या हुमणीच्या अळ्या होत, आणि खतांत विष कालविल्यावांचून एक पाटीही शेतांत जातां कामा नये; जुन्या दाणेदार औषधाची पिशवी माळ्यावर आहेच. जाऊबाई म्हणतात, ओंडका आणि ढीग दोन्ही पेटवून द्यावे. विहीर ढिगापासून वीस पावलांवर आहे व घरांत रांगतें मूल आहे. तेव्हां या अळ्या आहेत तरी कोणाच्या, तें आधीं सांगावें, असें त्या विचारतात. प्रश्न योग्य क्रमानें विचारला आहे, याचा आम्हांस आनंद वाटला. बहुतेक घरांत विष आधीं पडतें आणि चौकशी मागाहून होते.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस घुणाक्षरन्याय ठाऊकच असेल. घुण म्हणजे लांकूड पोखरणारा किडा. तो पोखरीत असतां कधीं लांकडावर एखाद्या अक्षरासारखी आकृति उमटते. किड्याला अक्षरओळख नसते, योगायोगानेंच तें घडतें. हेतूवांचून साधलेल्या गोष्टीस पंडित हा न्याय लावीत आले. गंमत अशी कीं, सालीखालीं असलेंच नक्षीकाम करणाऱ्या एका युरोपीय भुंगेऱ्यास स्वीडनच्या लिनीयसनें १७५८ सालीं जें शास्त्रीय नांव दिलें, त्याचा अर्थ 'मुद्रक' असा होतो. दोन दूरच्या देशांतील विद्वानांस लांकडावर तींच अक्षरें दिसलीं! आमच्या न्यायांत एक उणें मात्र राहिलें. अक्षरें पाहिलीं, लिहिणारा पाहिला नाहीं. त्यामुळें लांकडांत राहील तो घुण, अशी एकच चिठ्ठी सर्वांच्या पाठीवर चिकटली. वस्तुतः तेथें निरनिराळीं कुळें नांदतात, आणि त्यांतल्या कित्येकांनीं आपल्या घराचें वा शेताचें कांहींच बिघडविलेलें नसतें.

म्हणून अळी हातांत घेण्यापूर्वीं लांकडाकडे पाहावें. लांकूड जिवंत आहे, सुकें आहे, कीं कुजकें आहे? एवढ्या प्रश्नानें निम्मा निकाल लागतो. जिवंत झाडाच्या रसांत वाढणारी अळी सहसा कुजक्यांत सांपडत नाहीं, आणि कुजकें खाणारीच्या जबड्यांस घट्ट लांकूड पेलत नाहीं.

जिवंत झाडांतला मुख्य चोर म्हणजे आंब्याचें भिरूड. कोंकणांतील वाचकांस याची ओळख करून देण्याची गरज नाहीं. आमच्या बाजूसही जुन्या आंब्यांत व अंजिरांत तें आढळतें. खोडावर भोंक दिसतें, त्यांतून भुसा व चिकट रस बाहेर येतो, आणि वरची फांदी कारण नसतां पिवळी पडूं लागते. आंतली अळी पिवळसर पांढरी, बोटाएवढी लांब, जवळजवळ सरळ. डोकें काळसर व चपटें, जबडे बळकट, आणि पाय मुळींच नाहींत. बोगद्यांत दोन्ही बाजूंस अंग टेकून सरकणाऱ्यास पायांचें काय काम? तिचा पुढें होणारा भुंगेरा करडा, सुमारें दोन इंच लांब, अंगावर नारिंगी ठिपके आणि शरीराहून लांब मिशा. विलायती ग्रंथांत या कुळास लांबशिंगी म्हणतात. भिरुडावर जुना उपाय अद्याप चांगला आहे: तारेचा आंकडा भोंकांत घालून अळी ओढून काढावी, न निघाल्यास पेट्रोलांत भिजविलेला बोळा आंत सारून वरून चिखलानें भोंक लिंपावें. येथें दया करण्यांत अर्थ नाहीं. एक अळी वर्षभर पोखरीत राहिली तर आजोबांनीं लाविलेलें झाड नातवाच्या डोळ्यांदेखत वाळतें.

डाळिंबाचें प्रकरण याहून विलक्षण आहे. सोलापूर जिल्हा डाळिंबांचें माहेर झाल्यापासून, आणि २००५ सालीं सोलापुरास राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघाल्यापासून, टांचणीच्या डोक्याएवढ्या भोंकांची तक्रार आमच्याही कानावर येते. हें काम दाण्याहूनही लहान अशा काळसर भुंगेऱ्याचें. त्याची मादी खोडांत भोंक पाडते, पण लांकूड खात नाहीं. ती आपल्या अंगावरून एका बुरशीचें बीं आंत नेते, बोगद्याच्या भिंतीवर तें पेरते, आणि तिच्या अळ्या तें पीक खाऊन वाढतात. मनुष्यानें नांगर धरण्याच्या कितीतरी आधीं या कुळानें शेती आरंभिली. झाडाचे प्राण जातात ते बहुधा बुरशीमुळें, म्हणून येथें अळी वेंचण्यानें कांहीं साधत नाहीं. पोखरलेली फांदी कापून जाळणें आणि झाड मुळांत अशक्त होऊं न देणें, हेंच करावें लागतें.

आतां सुकें लांकूड. आमच्याकडील जुनीं घरें माळवदाचीं. त्यांच्या तुळया व किलच यांतून जेवणाच्या ताटांत पीठ पडलें, म्हणजे सासूबाई वर पाहतात. या पिठावरूनच किड्याची परीक्षा होते. चिमटींत घेऊन चोळावें. मैद्यासारखें मऊ लागलें तर तो खरा घुण, दोन-तीन रेघांएवढा लहान भुंगेरा. त्याची अळी तांदळाच्या कणीएवढी व वांकडी असते. लांकडाच्या पांढऱ्या, बाहेरच्या भागांत जें सत्त्व साठलेलें असतें, त्यावर त्याचें पोट. म्हणून सागाच्या तांबूस गाभ्यास तो शिवत नाहीं, पण त्याच सागाची पांढरी कड मात्र चाळण करून सोडतो. बांबूस लागणारा घुण याचाच भाऊबंद. बांबू तोडून कांहीं आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवण्याची बुरुडांची जी रीत आहे, तिनें हें सत्त्व धुवून जातें व घुण उपाशी राहतो. रसायनशाळेनेंही या रीतीस दुजोरा दिला आहे. पीठ खरखरीत व धाग्यांचें असलें, तर आंत लांबशिंगी कुळांतली अळी समजावी. ती सुक्या लांकडांत फार सावकाश वाढते, आणि लग्नांत आलेल्या पलंगांतून कित्येक वर्षांनीं भुंगेरा बाहेर पडला तर त्याचा दोष व्याह्यांस देऊं नये. वखारींतच तो आंत शिरलेला असतो.

येथें एका निरपराध्याचीही सुटका केली पाहिजे. वाशाच्या खालच्या अंगास करंगळी जाईल एवढें अगदीं वाटोळें भोंक, त्याखालीं लांकडाचा भुगा, आणि भोंवतीं घुं घुं करणारा काळा कुळकुळीत जीव, हा भुंगेरा नव्हे. ही सुतार मधमाशी. कवींचा भ्रमर तो हाच. कोरडें लांकूड लीलेनें भेदणारा भ्रमर कोंवळ्या कळींत सांपडतो, हा ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायांतील दृष्टांत वाचकांस आठवत असेल. निरीक्षण चोख आहे. ती माशी लांकूड खात नाहीं. आंत पराग साठवून मुलांच्या खोल्या करते, आणि तुरीच्या फुलांचे परागही इकडून तिकडे नेते. वासा फारच पोखरला तर भोंक बुजवावें, पण तुळई घुणानें खाल्ली म्हणून तिच्यावर आळ घेऊं नये.

पण पत्रांतील प्रश्न कुजक्याचा आहे, आणि घोटाळाही सर्वांत अधिक तेथेंच होतो. कारण कुजक्या लांकडांत, शेणखतांत आणि उसाच्या मुळाशीं सांपडणाऱ्या अळ्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. सर्व पांढऱ्या, सर्व वांकड्या, सर्वांच्या डोक्यामागें सहा पाय, सर्वांचें मागलें अंग फुगीर व आंतल्या मातीमुळें काळपट. या कुळाची मोठी वंशावळ गिल्बर्ट ॲरो या ब्रिटिश म्यूझियममधील पंडितानें १९१० सालापासून तीन भागांत प्रसिद्ध केली, आणि लांकडांतल्या किड्यांविषयीं डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंतील बीसनचा जाडजूड ग्रंथ १९४१ सालीं निघाला. ते ग्रंथ घरांत असणें शक्य नाहीं. परंतु आमच्या भागापुरता निकाल लावण्यास शहाबादी फरशीचा एक तुकडा व एक साधें भिंग एवढी सामग्री पुरते.

आम्ही पत्रलेखिकेच्या घरीं स्वतः गेलों. घरचे वडील ओसरीवर बसले होते; त्यांनीं आमचें स्वागत केलें खरें, पण मास्तरांच्या पुस्तकी ज्ञानावर त्यांचा भरंवसा नव्हता, हेंही लपविलें नाहीं. सूनबाईंनीं एका पसरट डब्यांत खतासकट दहा-बारा अळ्या आणल्या. आम्हीं त्यांतली एक उचलून फरशीवर ठेविली. क्षणभर ती गुंडाळून पडली. मग अंग सैल करून उताणी झाली, आणि सहाही पाय आकाशाकडे ठेवून पाठीवरच सरसर चालूं लागली. मुलांनीं टाळ्या पिटल्या. पालथी घातली तर पुन्हां उताणी होऊन ती चालूं लागे. दुसरी ठेविली, तीही तशीच.

पाठीवर चालण्याची ही तऱ्हा फुलभुंगेऱ्यांच्या अळ्यांची. फ्रान्सांतील झां आंरी फाब्र (१८२३–१९१५) या गरीब शाळामास्तरानें हिचें फार सुंदर वर्णन करून ठेविलें आहे; पाठीवरच्या आडव्या वळ्यांनीं व राठ केसांनीं जमीन पकडून ती पुढें सरकते, आणि पाय असून नसल्यासारखे. आपल्या जातीच्या एका मास्तरानें पेन्शनीची वाट न पाहतां आयुष्यभर किडे पाहिले, हें आठवून आम्हांस नेहमीं बरें वाटतें. या अळीचें डोकें लहान, पाय आंखूड, मागलें अंग पुष्ट. ती जिवंत मुळास तोंड लावीत नाहीं. कुजका लांकूडफांटा, पालापाचोळा, शेण हेंच तिचें अन्न, आणि तें खाऊन ती जी बारीक लेंडी टाकते तिनें खत लवकर मुरतें. तिचा भुंगेरा म्हणजे भर दुपारीं फुलांवर दिसणारा, हिरवट वा तपकिरी, पांढरे ठिपके असलेला चपटा जीव. तो उडतांना पाठीवरचीं टणक झांकणें उघडीत नाहीं. बाजूच्या फटींतून पातळ पंख काढून उडतो. गुलाबाची कळी वा पिकलेलें फळ तो कधीं कुरतडतो, एवढा अपराध त्याच्या नांवावर मांडावा.

वडिलांनीं विचारलें, "दोन चालल्या पाठीवर, बाकीच्यांचें काय?" शंका रास्त होती, कारण डब्यांतल्या दोन अळ्या अंगठ्याएवढ्या जाड होत्या, डोकें गडद तपकिरी, आणि फरशीवर ठेवल्यावर त्या कुशीवर पडून पायांनीं चांचपूं लागल्या. तेव्हां आम्हीं भिंग काढलें. अळीच्या अगदीं शेवटच्या मण्यावर खालच्या अंगास एक चीर असते. हुमणीच्या कुळांत ती तीन फांट्यांची, पक्ष्याच्या पावलाच्या ठशासारखी दिसते. फुलभुंगेऱ्याच्या व गेंड्या भुंग्याच्या कुळांत ती सरळ आडवी, मिटलेल्या ओठांसारखी असते. या दोघींची चीर आडवी निघाली. सर्वांनीं आळीपाळीनें भिंगांतून पाहिलें. वडिलांनींही पाहिलें, चष्मा पुसून पुन्हां पाहिलें. म्हणजे या दोन गेंड्या भुंग्याच्या. ज्याच्या नाकावर शिंग असतें तो काळा, जाड भुंगा परसांत नारळ असलेल्या घरांस ठाऊक असतोच. त्याची अळी खतांत निरुपद्रवी वाढते, पण पुढें भुंगा होऊन नारळाच्या सुईंत शिरतो, आणि मग उघडलेल्या झांवळ्या कात्रीनें तिरप्या कापल्यासारख्या दिसतात. या घरीं विहिरीकांठीं तीन माड आहेत. म्हणून त्या जाड अळ्या तेवढ्या वेंचून काढाव्या, असें आम्हीं सांगितलें. वेंचून काय करावें, हें सांगण्याची पाळी आली नाहीं. कुंपणावर बसलेल्या साळुंक्यांनीं तो प्रश्न सोडविला.

आणि हुमणी? ती त्या ढिगांत नव्हती. त्या दिवसांत ती अळीच्या रूपांत सांपडणेंही कठीण. ही गोष्ट शेतकरी कुटुंबांनीं पंचांगांत लिहून ठेवावी अशी आहे. आमच्या भागांतली हुमणी वर्षाला एक पिढी करते. पावसाळ्यांत अंड्यांतून निघालेली अळी प्रथम मातींतला कुजका पाला खाते, मोठी झाल्यावर जिवंत मुळांकडे वळते, आणि श्रावणापासून आश्विनापर्यंत उसाचें बेट पिवळें पाडते. असा ऊस हातानें ओढला तर सहज उपटून येतो. दिवाळीनंतर ती मातींत खोल कोश करते. त्यांतून जो तपकिरी भुंगेरा तयार होतो, तो मातींतच दडून वळवाच्या पावसाची वाट पाहतो. चांगला पाऊस पडला कीं त्या संध्याकाळीं दिवेलागणीस हे भुंगेरे झुंडीनें बाहेर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर बसतात, तेथेंच त्यांचीं लग्नें लागतात, आणि पहांट होण्यापूर्वीं माद्या मातींत परततात. तेव्हां वैशाखांत खताच्या ढिगांत लठ्ठ अळी सांपडली, तर ती हुमणी नसण्याचाच संभव मोठा. श्रावणांत उसाच्या मुळाशीं तीच आकृति सांपडली, तर ती हुमणी असण्याचा संभव तितकाच मोठा.

"मग खतांत विष न घालतां नेलें, आणि ऊस वाळला तर?" वडिलांचा हा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्यांच्या शेतांतला ऊस गेल्या वर्षीं कोंपऱ्यांत खरोखरच वाळला होता, आणि कारखान्याच्या बिलांत तो खड्डा दिसला होता. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झाल्यापासून या पट्ट्यांतल्या कुटुंबांचा प्रपंच उसावर चालतो. मुलांचीं शिक्षणें आणि मुलींचीं लग्नें त्याच बिलावर होतात. त्यांची भीति पोकळ नव्हती, पण तिचें बोट भलतीकडे होतें. खतांत विष कालवून ते निर्धास्त झाले असते, आणि पहिल्या पावसाच्या संध्याकाळीं बांधावरच्या कडुनिंबावर खरी हुमणी लग्नें उरकीत असतां घरांत बसले असते. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, विषाची पिशवी खालीं काढूं नये. त्याऐवजीं पहिला वळीव पडेल त्या संध्याकाळीं गडीमाणसें, कंदील व रुंद घमेलीं तयार ठेवावीं. अंधार पडला कीं झाडें हलवावीं, खालीं पडलेले भुंगेरे वेंचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यांत टाकावे. हें तीन-चार संध्याकाळ करावें, माद्यांनीं अंडीं घालण्यापूर्वीं करावें, आणि एकट्यानें न करतां आसपासच्या शेतकऱ्यांनीं मिळून करावें. आपल्या बांधावरच्या झाडाचे वेंचले आणि शेजाऱ्याच्या तसेच सोडले, तर त्यांस बांध ओलांडावयास परवाना लागत नाहीं. शिवाय अर्धें कच्चें खत शेतांत घालूं नये, कारण हुमणीच्या कोंवळ्या अळ्यांस तें आयतें अन्न होतें. पूर्ण मुरलेलें, हातांत चुरलें असतां ज्याला शेणाचा वास येत नाहीं, तें खत खुशाल न्यावें.

माळ्यावरच्या पिशवीचें नांव वाचलें तेव्हां ती फोरेटची निघाली. हें विष हुमणीसाठीं वर्षानुवर्षें वापरलें गेलें. मनुष्यास तें फार घातक असल्यामुळें केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या आदेशानें त्याची विक्री व वापर २०२० अखेरपासून बंद झाला आहे. विहिरीपासून वीस पावलांवर, रांगत्या मुलाच्या घरीं, तें ढिगांत कालवावयाचें ठरलें होतें! पिशवी न फोडतां, मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी कुलुपांत ठेवून, कृषि खात्याच्या माणसास विचारून तिची विल्हेवाट लावावी. नदींत वा पडक्या विहिरींत फेंकणें म्हणजे घरचें संकट गांवास वांटणें होय. सूनबाई दाराआडून ऐकत होत्या. त्यांनीं त्याच वेळीं धाकट्या दिरास कुलूप आणावयास पाठविलें.

राहिला ओंडका. जाऊबाईंचें म्हणणें, परसांत असली घाण हवी कशाला? त्यांस आम्हीं युरोपांतील एक हकीकत सांगितली. हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेला तिकडचा एक भुंगेरा ओकच्या कुजक्या बुंध्यांत कित्येक वर्षें अळीच्या रूपांत राहतो. लोकांनीं अरण्यें व बागा झाडून पुसून स्वच्छ केल्या, पडके बुंधे उचलले, आणि तो इतका विरळ झाला कीं युरोपीय राष्ट्रसंघानें १९९२ सालीं त्याच्या वसतिस्थानांच्या रक्षणासाठीं त्याचें नांव कायद्यांत घातलें. जपानांत तर मुलें शिंगाळ्या भुंग्याच्या अळ्या कुजक्या पाल्यांत हौसेनें पाळतात. आपण पोरांस सांगतों, "टाक ती घाण!" जाऊबाईंचें समाधान झालें असें आम्हांस वाटलें नाहीं, पण ओंडका गोठ्यामागें हलविण्यावर तडजोड झाली. घराच्या भिंतीस टेकून मात्र तो ठेवूं नये. भुंगेऱ्यांमुळें नव्हे, वाळवीमुळें.

अशा ढिगावर पावसाळ्यांत मोठ्या, केंसाळ, काळ्या-पिवळ्या गांधीलमाशा जमिनीलगत घिरट्या घालतांना दिसल्या तर त्यांस काठी मारूं नये. त्या याच वांकड्या अळ्यांच्या शोधांत असतात. माती उकरून अळीस नांगी मारून लुळी करतात आणि तिच्यावर एक अंडें ठेवतात. माशीच्या घरांत कोंडलेला किडा तिचें ध्यान करून माशीच होतो, हा भ्रमरकीटन्याय वेदान्तांत शोभून दिसतो. ढिगांत जें बाहेर येतें तें त्या अंड्यांतलें माशीचें अपत्य, अळी खाऊन वाढलेलें.

ज्यांस अळीची जात निश्चित जाणावयाची असेल, त्यांनीं तिला वाढवून पाहावें. याहून खात्रीचा मार्ग पंडितांपाशींही नाहीं. मोठ्या तोंडाचा डबा घ्यावा, झांकणास सुईनें भोंकें पाडावीं, आणि ज्या लांकडांत वा खतांत अळी सांपडली तेंच वीतभर खोल भरावें. दुसरें खाणें घालूं नये. ओल अशी असावी कीं मुठींत दाबलें असतां गोळा व्हावा पण पाणी गळूं नये. एका डब्यांत एकच अळी ठेवावी. डब्यावर कागद चिकटवून त्यावर तारीख, जागा, लांकूड कोणत्या झाडाचें आणि कोणत्या अवस्थेंतलें, अळी फरशीवर कशी चालली, चीर कशी होती, एवढें लिहावें. कांहीं दिवसांनीं अळी दिसेनाशी होऊन तळाशीं मातीचा, लिंबाहून लहान असा गुळगुळीत गोळा दिसला, तर तो फोडूं नये. नातवंडें फार आग्रह करतील. तरीही फोडूं नये. आंत कोश तयार होत असतो, आणि एके सकाळीं झांकणाखालीं खरडल्याचा आवाज येईल.

त्या पत्रलेखिकेच्या घरीं असे दोन डबे कोनाड्यांत ठेविले आहेत. वळीव पडल्यावर बांधावरच्या कडुनिंबावरून किती भुंगेरे वेंचले, तो आंकडा वडील स्वतः आम्हांस कळविणार आहेत. इतर वाचकांनींही आपले अनुभव जरूर लिहावे. अळ्या मात्र पोस्टानें पाठवूं नयेत; पुठ्ठ्याची पेटी म्हणजे त्यांच्या दृष्टीनें वाटखर्चीच होय.